फाटकाची कडी वरच्या बाजूला

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, छापखान्याच्या पत्त्याच्या जरा वर, मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ होती: ‘काही कर्मचाऱ्यांनी किरकोळ माहिती पुरवली, त्यांचेही आभार.’

कंडक्टरबाईंनी ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा त्या उभ्या होत्या. दुसऱ्यांदा वाचताना बसल्या. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि ‘किरकोळ’ हा शब्द असा काही उच्चारला, की खिडकीपाशी शिवणयंत्र चालवणाऱ्या धाकट्या बहिणीच्या सुईतला दोरा तुटला.

“कोण गं किरकोळ?” धाकटीनं विचारलं.

“मी.”

पुस्तिकेचं नाव होतं ‘बसने जा, पायी फिरा: बारा सोप्या वाटा’. मुखपृष्ठावर लेखकाचा फोटो. डोक्यावर टोपी, हातात काठी, एक पाय धोंड्यावर आणि नजर कुठंतरी लांब, जणू क्षितिजावरून उशिरा आलेली गाडी दिसतेय. मागं निळंशार आभाळ. कंडक्टरबाईंनी ते आभाळ ओळखलं. ती डेपोत गाड्या धुतात तिथली भिंत होती. कोपऱ्यात नळसुद्धा आला होता.

लेखक म्हणजे भोंगा. बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत अठ्ठावीस वर्षं बसून त्यानं गाड्या पुकारल्या होत्या. आवाज असा, की पाव किलोमीटरवर झोपलेलं कुत्रं उठून फलाटावर जाऊन उभं राहावं. पण अठ्ठावीस वर्षं एकच सूर लावल्यानं तो सूर त्याच्या घशात कायमचा बसला होता. साधं बोलताही येत नव्हतं. धाकटी त्याची फार झकास नक्कल करायची. गेल्या वर्षी तो तिच्याकडं पँट सैल करायला आला होता, तेव्हा नाकाला चिमटीत धरून तिनं रात्रीच्या जेवणापर्यंत चालवलं होतं: “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. कंबर क्रमांक अडतीस, कंबर क्रमांक अडतीस, थोड्याच वेळात चाळीसवर लागत आहे.”

आज मात्र ती नक्कल करायला धजली नाही. ताईच्या चेहऱ्याकडं बघून तिनं परत दोरा ओवला.

कंडक्टरबाईंनी एकतीस वर्षं नोकरी केली. एकतीस वर्षं हलत्या जमिनीवर उभं राहून. पायात इतकं अंतर ठेवून उभं राहायची सवय, की आजही रेशनच्या रांगेत त्या अशा उभ्या असायच्या, जणू दुकानदार अचानक ब्रेक मारणार आहे. ‘पुढं सरका, पुढं रिकामं आहे’ हे वाक्य त्यांनी लग्नांत म्हटलं होतं, दवाखान्यांत म्हटलं होतं आणि एकदा शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्याच्या अंत्ययात्रेतही म्हटलं होतं, आणि लोक खरोखरच पुढं सरकले होते. जिथं जातील तिथं त्या डोकी मोजायच्या. तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा यंत्रं आल्यावर सगळ्यांनी जमा केला. कंडक्टरबाईंनी केला नाही. तो त्यांच्या पर्समध्ये असायचा, आणि राग आला की त्या आत हात घालून तो वाजवायच्या. टिक टिक. धाकटीला तो आवाज दोन खोल्यांपलीकडून कळायचा. आणि आणखी एक गोष्ट, जी त्या स्वतः कधी सांगत नसत पण डेपोतला झाडूवालाही सांगायचा: गाडीमागं धावणाऱ्या एकाही माणसाला बाईंनी कधी मागं टाकलं नव्हतं. घंटीची दोरी हातात धरून त्या मागच्या काचेतून बघायच्या. कुणी धावताना दिसलं की दोरी सोडायच्या.

चालण्याची गोष्ट त्यांच्या आयुष्यात अशीच आली. एका सुट्टीच्या बुधवारी त्या आपल्याच नऊ नंबरच्या गाडीनं सहज शेवटच्या थांब्यापर्यंत गेल्या. टेकडीवरची पाण्याची टाकी. तिथं गाडी बंद पडली. दुसरी यायला दोन तास. बाई कंटाळून उतारानं चालत निघाल्या आणि अर्ध्या वाटेत एकदम थांबल्या. काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं. मग लक्षात आलं: पायाखालची जमीन हलत नव्हती.

त्या दिवसापासून दर बुधवार. गाडीनं शेवटच्या थांब्यावर जायचं, तिथून शेतांच्या, ओढ्याच्या, झाडांच्या कडेनं उतरत दुसऱ्या एखाद्या रस्त्याला लागायचं आणि तिथून वेगळ्या नंबरची गाडी पकडून घरी. नियम एकच. “चढायचं काम इंजिनाचं,” त्या म्हणायच्या, “उतरायचं काम आपलं.” कारण त्या हे स्वतःपुरतं करत नव्हत्या. डेपोत पाठ गेलेले ड्रायव्हर होते, पायांच्या शिरा फुगलेल्या कंडक्टरणी होत्या. त्यांना जमेल अशा वाटा बाईंनी शोधल्या आणि एकेक वाट एकेका पुठ्ठ्याच्या कार्डावर लिहून विश्रांतीच्या खोलीतल्या फळ्यावर लावली. कुठं उतरायचं, किती पावलांवर वळायचं, कुठल्या दगडावर बसलं तर गुडघ्याला बरं वाटतं, परतीची शेवटची गाडी किती वाजता. चौदा वर्षांत बारा कार्डं झाली. प्रत्येक कार्डाच्या तळाशी एकच वाक्य: ‘वेळेवर या. गाडी कोणासाठी थांबत नाही.’ हे वाक्य लिहिणारी बाई स्वतः सगळ्यांसाठी थांबायची, पण ते कार्डावर कशाला लिहायचं.

निवृत्तीच्या वर्षी भोंगा त्यांच्याकडं आला होता. “बाई, ही कार्डं द्या. शुद्धलेखन तपासून, टाइप करून देतो. चार लोकांच्या उपयोगाला येतील.” आणि बाईंनी ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात नीट रचून, वर रबर लावून, स्वतःच्या हातानं त्याला दिली.

हेच जास्त जळत होतं. चोरानं कुलूप तोडलं असतं तर निदान कुलपाची तरी इज्जत राहिली असती.

त्यांनी डेपोच्या कार्यालयात पत्र दिलं. उत्तर आलं: ‘आपले पत्र मिळाले. नोंद घेतली.’ मग त्या भोंग्याला जाऊन भेटल्या. तो बसस्थानकाच्या बाकावर चार जणांना पुस्तिकेवर सही करून देत होता. त्यानं मान वर न करता सांगितलं, “बाई, माहिती काय, कुणाचीही असते. लोकांपर्यंत पोचवतो तो आवाज.” आणि पेनाचं टोपण लावलं. कट्.

त्यानंतर तीन आठवडे घरात टिक टिक चालू होतं. भाजी निवडताना टिक टिक. अंघोळीला पाणी तापतंय, टिक टिक. बाईंच्या डोक्यात भोंग्याचे एकाहून एक हाल चालले होते. कधी त्या त्याला गाडी धुण्याच्या फवाऱ्याखाली उभा करायच्या. कधी त्याच्या घराखाली पहाटे पाच वाजता सगळ्या गाड्यांचे हॉर्न एकदम वाजवायच्या. एकदा तर त्यांनी मनातल्या मनात त्याला उभं राहून, खचाखच भरलेल्या सोळा नंबरमधून, हात धरायला काही न देता, एकतीस वर्षं फिरवलं.

“ताई,” धाकटी शेवटी म्हणाली, “एक तर त्याला जाऊन दोन कानाखाली दे, नाहीतर हा चिमटा मला दे. माझी टीप वाकडी येतेय.”

“मला त्याच्या तोंडून ऐकायचंय,” बाई म्हणाल्या. “चार माणसांत. त्या भसाड्या आवाजात. की ह्या वाटा बाईंच्या आहेत. तेवढं म्हणेपर्यंत मी ह्याला सोडत नाही.”

आणि त्याच दुपारी, चुका काढण्यासाठी म्हणून पेन्सिल घेऊन पुस्तिका वाचायला बसलेल्या कंडक्टरबाईंची पेन्सिल एकदम थांबली. चिमटाही थांबला. मग त्या हसल्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

“धाकटे, हा उलटा चाललाय.”

“म्हणजे?”

“कार्डावरनं उतरवलंय असं दिसू नये म्हणून शहाण्यानं बाराच्या बारा वाटा शेवटाकडनं सुरू केल्यात. जिथं मी संपवते तिथं हा उतरतो. डाव्याचं उजवं केलंय, उजव्याचं डावं केलंय. आणि ‘गुडघेदुखी असणाऱ्यांसाठी उत्तम’ हे तसंच ठेवलंय.”

“म्हणजे सगळा चढ?”

“बाराच्या बारा. एक पाऊल टाकलं नाही गं ह्यानं. भिंतीपुढं उभा राहून आलाय.” बाई चौथ्या वाटेच्या पानावर बोट ठेवून पुढं वाचायला लागल्या आणि त्यांचा आवाज मऊ झाला, लोण्यासारखा. “आणि गाड्या. माझी परतीची पाच वीसची गाडी खाली दगडी पुलावर आहे, वाट संपते तिथं. ह्यानं ती उचलून टाकीवर नेऊन ठेवलीय. टाकीवरनं रविवारी शेवटची गाडी अडीचला सुटते. ह्याला कसं कळणार? ह्यानं आयुष्यभर गाड्या सुटताना पुकारल्या. परत कशा येतात ते कधी बघितलंय?”

“मग सांग की सगळ्यांना.”

“अं हं.”

“ताई?”

“पान शेवटचं वाच.”

शेवटच्या पानावर चौकट होती: ‘येत्या रविवारी लेखकासोबत वाट क्रमांक चारवर पायी चला. दुपारी एक वाजता बसस्थानकावर जमावे.’

धाकटी यंत्रावरनं उठली, कपाटातून एक करडी पँट काढली आणि ताईसमोर धरली. “ही त्याचीच. रविवारसाठी नवी शिवायला टाकलीय. ‘चालायला सोयीची हवी’ म्हणाला.” तिनं पँटच्या कमरेकडं प्रेमानं पाहिलं. “अर्धा इंच आत घेते. फक्त अर्धा.”

रविवारी एक वाजता बसस्थानकावर बावीस माणसं जमली. बाईंनी सवयीनं मोजली: बावीस, आम्ही दोघी आणि तो. निवृत्त लोकच जास्त. बँकेतलं एक जोडपं, पाठीवर पट्टा बांधलेला एक शिंपी, दोघी नर्सा, आणि काठी टेकत आलेल्या एक माजी मुख्याध्यापिका, ज्यांना सगळं गाव अजून मोठ्या बाईच म्हणायचं. त्यांना बघून कंडक्टरबाईंनी आपली पिशवी चाचपली. सूड भोंग्यावर होता, काठीवर नव्हता. म्हणून तर त्यांच्या पिशवीत पाण्याच्या सहा बाटल्या होत्या, पट्ट्या होत्या, गुडघ्याला लावायचं मलम होतं. चौथी वाट त्यांना पाठ होती. फाटकापर्यंत सोसेल, त्यांनी हिशेब केला होता. फाटकापलीकडं कुणाला जाऊ द्यायचं नाही.

भोंग्यानं त्यांना पाहिलं. क्षणभर टोपी हातात घेतली, परत घातली.

“आलात? छान छान. स्टाफलाही फिरायला मिळालं पाहिजे.”

“हो ना,” धाकटी म्हणाली. “किरकोळ फिरावं म्हटलं. पँट बसली का नीट, साहेब?”

“जरा... घट्ट वाटते.”

“चालल्यावर सैल होईल.”

सोळा नंबरनं सगळे दगडी पुलावर उतरले. भोंग्यानं पुस्तिका छातीशी धरली आणि सूर लावला. “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. वाट क्रमांक चार, दगडी पूल ते पाण्याची टाकी, एक तास पंचवीस मिनिटे. अत्यंत सोपी. गुडघेदुखी असणाऱ्यांसाठी उत्तम.”

शिंप्यानं मान वर केली. वाट ओढ्याच्या कडेनं वर जात होती, मग झाडांमधून वर जात होती, मग शेतांच्या बांधावरून आणखी वर, आणि सगळ्यात वर, बोटाच्या पेराएवढी, टाकी दिसत होती.

“सोपी म्हणजे,” त्यानं विचारलं, “कुणाला?”

पहिला अर्धा तास लोक बोलत होते. दुसऱ्या अर्ध्या तासात फक्त भोंगा बोलत होता. तिसऱ्यात तोही बंद पडला. त्याचा चेहरा पिकलेल्या टोमॅटोसारखा झाला होता, पँटची कंबर त्याला प्रत्येक श्वासाला आठवण करून देत होती, आणि दर वळणावर तो पुस्तिका काढून वाचायचा: “इथं... बसायला... सपाट दगड आहे.” आणि खरंच असायचा. लोक कौतुकानं बघायचे. “साहेबांनी किती बारकाईनं बघितलंय,” बँकवाल्या बाई म्हणाल्या. मागून चालणाऱ्या कंडक्टरबाईंच्या पिशवीतून टिक टिक ऐकू आलं.

मोठ्या बाई तिसऱ्या दगडावर बसल्या त्या लवकर उठेनात. कंडक्टरबाईंनी त्यांना पाणी दिलं, पाय वर ठेवायला आपली पिशवी दिली. आता सांगावं का? जिभेवर आलं होतं. वर भोंगा धापा टाकत कुणालातरी म्हणत होता, “ही वाट मी शोधली तेव्हा इथं कुणी फिरकत नव्हतं.” बाईंनी जीभ आत घेतली.

“अजून दहा मिनिटं,” त्या मोठ्या बाईंना म्हणाल्या. “मग परत चढायचं नाही. माझा शब्द.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“तिकिटं फाडत होते मी. माणूस बघून थांबा कळतो.”

चार वाजून पाच मिनिटांनी सगळे फाटकापाशी पोचले.

फाटक छातीएवढं, लाकडी, वर काटेरी तार. पलीकडं शेवटचा चढ आणि टाकी. भोंग्यानं पुस्तिका उघडली. “फाटकाची कडी उघडून पलीकडे जावे व मागे बंद करावे.” त्यानं कडी शोधली. डावीकडं शोधली, उजवीकडं शोधली. फाटक ढकललं, ओढलं. खाली वाकून बघायला गेला, पण कमरेनं परवानगी दिली नाही.

“कडी कुठंय, साहेब?” नर्सबाईंनी विचारलं.

“इथंच असते.”

“मागच्या वेळी कशी उघडलीत?” मोठ्या बाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. चाळीस वर्षं वर्गात वापरलेला तो आवाज होता. गृहपाठ न आणलेल्यांना ओळखीचा.

“मागच्या वेळी... उघडंच होतं.”

“ते कधीच उघडं नसतं,” मागून कंडक्टरबाई म्हणाल्या.

सगळे वळले. बाई पाय फाकवून उभ्या होत्या, जणू उतारावर ब्रेक लागणार आहे.

“खालच्या कुरणात गुरं चरतात. त्यातली एक गाय शिंगानं कडी उघडायला शिकली. म्हणून शेतकऱ्यानं चौदा वर्षांपूर्वी कडी वरच्या बाजूला नेली, पत्र्याच्या आड. वरनं उतरणाऱ्याला सापडते. खालनं येणाऱ्या गाईला नाही, आणि लेखकालाही नाही.” धाकटी खोकली. “आणि फाटक उघडलं तरी उपयोग नाही. टाकीवरनं रविवारी शेवटची गाडी अडीचला गेली. पाच वीसची गाडी पुलावर येते, आपण जिथं उतरलो तिथं. इथनं उतरायला एक तास पाच मिनिटं. आत्ता चार वाजून सात मिनिटं झालीत. म्हणजे मला साहेबांना एकच प्रश्न विचारायला वेळ आहे. साहेब, ह्या वाटा कुणाच्या?”

भोंग्यानं टोपीनं वारा घेतला. “बाई, हे सार्वजनिक रस्ते आहेत. कुणाच्या मालकीचे नसतात.”

“बरोबर. रस्ते सगळ्यांचे. कार्डं माझी.”

“पुरावा?” तो म्हणाला, आणि त्याला वाटलं आपण जिंकलो.

“मोठ्या बाई,” कंडक्टरबाई म्हणाल्या, “तुमची पुस्तिका उघडा. चौथी वाट. शेवटच्या ओळीपासनं वर वर वाचत या.” आणि त्यांनी डोळे मिटले. “टाकीच्या मागच्या अंगानं निघायचं. वीस मिनिटांनी फाटक. फाटकापासनं दोनशे चाळीस पावलं, दुभंगलेला खडक. उजव्या हाताला सपाट दगड, पाय लांब करून बसायचा. तिथं घाई करू नये, तिथनं ओढ्याचा आवाज पहिल्यांदा येतो. मग तीन झाडं, मधल्याला घसा बसल्यासारखी ढोली...”

मोठ्या बाईंचं बोट पानावर खालून वर चढत होतं. शिंपी त्यांच्या खांद्यावरून वाचत होता. “ढोली,” तो पुटपुटला. “घसा बसल्यासारखी. शब्दाला शब्द.”

“‘घाई करू नये’सुद्धा,” मोठ्या बाई म्हणाल्या आणि चष्म्यावरून भोंग्याकडं पाहिलं. “बघून लिहिलंत. आणि बघून लिहितानाही उलटं लिहिलंत.”

अशा वेळी दुसऱ्या कुणी खाली बघितलं असतं. भोंग्यानं छाती काढली. “अठ्ठावीस वर्षं वेळापत्रक माझ्या तोंडात आहे. वर गाडी आहे. ज्यांना यायचंय त्यांनी माझ्या मागं यावं.” आणि तो तारेवर टोपी ठेवून फाटकावर चढला. अर्धा इंच तेवढ्यासाठीच वाट बघत होता. मागून चर्रर्र असा लांबलचक आवाज आला. धाकटीनं तो डोळे मिटून ऐकला.

पलीकडं उतरून त्यानं पत्र्याआडची कडी काढली, फाटक सताड उघडलं आणि एका हातानं मागची बाजू धरून, दुसऱ्या हातानं वाट दाखवत म्हणाला, “प्रवाशांनी कृपया...”

कुणी हललं नाही.

“पुढं सरका,” कंडक्टरबाई म्हणाल्या आणि उताराकडं तोंड केलं. “पुढं रिकामं आहे.”

बावीसच्या बावीस जण सरकले. पहिल्या वळणावर धाकटीनं मागं बघितलं. तो अजून फाटक धरून उभा होता.

उतार मात्र अगदी कार्डाप्रमाणं निघाला. सपाट दगडावर सगळे बसले. घाई केली नाही. ओढ्याचा आवाज आला तेव्हा बाईंनी काही न सांगताच सगळे गप्प झाले. शिंपी म्हणाला, त्याची पाठ दोन तासांपूर्वी दुसऱ्याच कुणाचीतरी होती.

पाच वाजून बारा मिनिटांनी पुलावर. पाच अठराला सोळा नंबर आली. गाडीवर कंडक्टर म्हणून जी मुलगी होती तिला बाईंनीच शिकवलं होतं. बाईंना बघून ती नकळत ताठ उभी राहिली. बाईंनी डोकी मोजली आणि मागच्या काचेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. सवयीनंच.

वरच्या शेतातून एक आकृती धावत येत होती. एक हात वर, टोपी हलवतोय. दुसरा मागं, पँट धरतोय. आवाज इथंपर्यंत येत होता. इतका मोठा आवाज, पण शब्द एकही कळत नव्हता.

मुलीचा हात दोरीवर होता. “बाई,” ती हळूच म्हणाली, “थांबवू?”

एकतीस वर्षं बाईंच्या खांद्यावर बसली होती. दोरी सोडण्याची सवय बोटांत होती, बोटं हललीसुद्धा. त्यांनी ती पर्समध्ये घातली.

“गाडीची वेळ काय?”

“पाच वीस.”

“घड्याळात?”

“पाच वीस.”

“मग मला काय विचारतेस?”

मोठ्या बाईंनी मांडीवरची पुस्तिका उघडली आणि चौथ्या वाटेच्या तळाची ओळ वर्गात वाचतात तशी वाचली. “‘वेळेवर या. गाडी कोणासाठी थांबत नाही.’ लेखकानं स्वतः लिहिलंय.”

दोन टोले पडले. गाडी सुटली. बाई शेवटपर्यंत काचेतून बघत राहिल्या. पुलावर पोचलेला माणूस लहान होत गेला, त्याचा हात वर तसाच राहिला. बाईंना वाटलं होतं, आपल्याला वाईट वाटेल. त्यांनी वाट पाहिली. दोन थांबे गेले. नाही वाटलं. उलट जेवण झाल्यावर वाटतं तसं वाटत होतं.

मग त्यांनी पर्समधून चिमटा काढला. मोठ्या बाईंनी पुस्तिका पुढं केली, मुखपृष्ठ वर. बाईंनी चिमटा टोपीच्या बरोबर खाली, दोन डोळ्यांच्या मधे धरला. टिक. स्वच्छ, गोल भोक. क्षितिजावरची नजर गेली, नळ राहिला. शिंप्यानं आपली पुढं केली. मग बँकवाले. मग नर्सा. बाई दांडा धरून, गाडीच्या हिसक्यांवर सहज डोलत, पुढून मागं गेल्या आणि बावीस वेळा टिक झालं.

मंगळवारी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. दारात भोंगा उभा होता. एका हातात करडी पँट, घडी घालून, फाटकी बाजू आत. दुसऱ्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

“बाई,” तो म्हणाला. म्हणजे त्यानं ओठ हलवले. घशातून फक्त हवा आली. रविवारी गाडीमागं ओरडून त्याचा आवाज पार गेला होता.

कंडक्टरबाईंनी डबा घेतला, रबर काढलं, कार्डं मोजली. बारा. चौथं कार्ड वर घेऊन पेनानं तळाशी एक ओळ वाढवली: ‘फाटकाची कडी वरच्या बाजूला. खालून जाऊ नये.’

“पुस्तिका... परत मागवल्या,” तो कुजबुजला. “स्थानकावर सांगणार होतो सगळ्यांना. माइकवरनं. तुमच्या वाटा म्हणून. पण आवाज...”

“डॉक्टर किती दिवस म्हणाले?”

त्यानं दहा बोटं दाखवली.

“मी थांबते,” बाई म्हणाल्या. “अकराव्या दिवशी, दुपारी एक वाजता. फलाट भरलेला असतो. मी बाकावर बसलेली असेन. तीन वेळा पुकारायचं, गाडीसारखं.”

त्यानं मान हलवली. मग पँट धाकटीपुढं ठेवली आणि पुन्हा कुजबुजला, “त्या दिवशी सात किलोमीटर चालत आलो मी. हमरस्त्यापर्यंत. दुधाच्या गाडीनं आणलं.”

“उतारच आहे की सगळा,” कंडक्टरबाई म्हणाल्या. “गुडघेदुखी असणाऱ्यांसाठी उत्तम.”

त्यानं धाकटीकडं बघितलं. “पँट... कधी मिळेल?”

“अकराव्या दिवशी,” धाकटी म्हणाली. “एक वाजल्यानंतर.”